अजितने पाहिलं ते

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा रात्री झोप येईना म्हणून ‘ब्योमकेश बक्शी’ लावलं. 1993 साली दूरदर्शनवर आपण तिघं बघायचो तीच, बासू चॅटर्जींची गुप्तहेराची मालिका. त्यातला ‘मकडी का रस’. आठवतंय ना बाबा? तो भाग पाहिल्यावर कितीतरी दिवस मी तुमच्या लाल शाईच्या दौतीला हात लावला नव्हता.

नंददुलालबाबू अंथरुणाला खिळलेले, तोंडाने फटकळ, आणि व्यसन कोळ्याच्या विषारी रसाचं. घरचे रात्रंदिवस पहारा देतात, खोलीत काही जाऊ देत नाहीत, तरी रस पोटात जातोच. कसा, एवढाच प्रश्न तेव्हा मला पडला होता. म्हातारा लिहिता लिहिता लेखणी तोंडात घालायचा आणि रस होता लाल शाईत! ब्योमकेशने हे घरबसल्या ओळखलं, म्हणून ब्योमकेश झालेला रजित कपूर आपला हीरो.

या वेळी मात्र मी ब्योमकेशच्या मित्रापाशी, अजितपाशी अडकले. के. के. रैनांनी तो किती साधेपणाने उभा केलाय! अजितला कोडं सुटत नाही, पण तो त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसतो. ते लिखाण त्याला मुळीच आवडत नाही, तरी समोर बसतो, आणि लेखणी तोंडात जाताना बघतो. घरच्यांसमोर रोज तेच घडत होतं. त्यांचं सगळं लक्ष दाराकडे. ब्योमकेशला जे सापडलं ते अजितच्या डोळ्यांमुळे. लहानपणी मी अजितला नुसता सोबती समजत होते, ते साफ चुकलं.

बाबा, गणपतीत मी चार दिवस होते. गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, गोळ्यांची पाकिटं मोजली, तुमच्या सदऱ्याच्या खिशात पेपरमिंट आहे का तेसुद्धा पाहिलं. फोनवरही पहिला प्रश्न ठरलेला, साखर किती आली? तुमची तब्येत मला जपायचीच आहे, त्यात माघार नाही. पण दुपारी जेवण झालं की तुम्ही खिडकीशी वही घेऊन बसायचात, आणि काय लिहिता हे मी एकदाही विचारलं नाही. गावच्या विहिरीबद्दल, आजोबांबद्दल लिहिताय, हे मला काल आईकडून कळलं. फार लागलं मनाला.

वसुबारसेला येते, आठ दिवस राहणार आहे. वही वाचायला द्याल? अक्षर लागलं नाही तर तुम्हीच वाचून दाखवा, मी शेजारी बसेन.

आई, ब्योमकेशच्या बायकोचा, सत्यवतीचा भाग मी अजून लावलेला नाही. सुकन्या कुलकर्णी तुझी लाडकी, तेव्हा तो तुझ्याबरोबरच बघायचा. चिवड्याचे पोहे मी आल्यावर भाजू, तू एकटीने करत बसू नकोस.

तुमची,
छकुली