कागदी फुलं नेमकी कुठे बिघडतात?

संपादक महाशय,

भेटवस्तूवर लावायच्या कागदी फुलांची कृती देताना बहुतेकदा ‘गोल कापा, गुंडाळा, चिकटवा’ एवढ्यावर भागवलं जातं. नवशिक्याचं फूल बिघडतं ते या तीन शब्दांच्या मधल्या जागेत.

गुलाबासाठी 10 ते 12 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आणि 120 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन; आकडा मोठा तेवढा कागद जाड) आसपासचा कागद घ्यावा. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद लुळा पडतो, जाड कार्डशीट वळताना तडकते. कडेपासून आत, डासांच्या कॉइलसारखी दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापत जावं. मधे अडीच सेंटिमीटरचा गोल राखावा, तोच फुलाचा तळ. गुंडाळायचं बाहेरच्या टोकापासून. आतून सुरुवात केली तर तळ गुंडाळीतच अडकतो.

सगळ्यात जास्त घाई होते ती पुढे. घट्ट गुंडाळी बोटांतून हळूच सोडावी, ती आपोआप उमलते. हवं तेवढं उमलल्यावरच गोंद लावावा, नाहीतर कळीच राहते. गोंदही पातळ नको, कागद फुगतो. घट्ट पांढरा फेव्हिकॉल तळाच्या पूर्ण गोलावर पसरावा, म्हणजे प्रत्येक वेढ्याची कड धरली जाते. अर्धा मिनिट दाबून ठेवावं. ठिपकाभर गोंदाने मधला भाग निसटून वर येतो.

क्रेप, म्हणजे बारीक सुरकुत्यांच्या ताणता येणाऱ्या कागदाच्या, सुट्या पाकळ्यांचं फूल करताना मात्र सुरकुत्या पाकळीच्या उंचीला समांतर हव्यात. तरच दोन्ही अंगठ्यांनी मध्यभाग ताणून पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा देता येतो.

आणि गुंडाळलेला गुलाब खोक्यावरच लावावा. पाकिटात जाणाऱ्या शुभेच्छापत्रावर तो चेपतो, तिथे चपटं फूलच बरं.

– एक वाचक