आईसाठी मेंडोलिन घेताना

डोंबिवली

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू विचारलंस, "माका ह्या वयात जमात काय गो?" त्याचं उत्तर आधी देते. जमेल. इतकी वर्षं तू भजनी मंडळात पेटी वाजवतेस, सूर तुझ्या कानात पक्के बसलेत. नवी लावायची आहे ती हाताची सवय, आणि ती लागते. आता मेंडोलिन घ्यायचं कोणतं, ते काल धड बोलताच आलं नाही, रेंज सारखी जात होती. म्हणून हे पत्र. बाबा, यातलं अर्धं तुमच्यासाठी आहे. दुकानात वाद्य हातात घेऊन तपासायचं ते तुम्हीच.

बाबांनी पाठवलेला फोटो बघितला. तीन हजारांचं, चकाकणारं, वरच्या बाजूला शंखासारखी वळलेली नक्षी असलेलं. ते मागवू नका. त्या वळणदार आकाराला 'एफ' म्हणतात आणि साध्या थेंबाच्या आकाराला 'ए'. नक्षीने आवाज सुधारत नाही, कारागिराची मजुरी मात्र वाढते. इतक्या कमी किमतीत नक्षीसुद्धा करायची म्हटली की काटकसर नेमकी तिथे होते जिथे ती दिसत नाही, म्हणजे मानेत, पडद्यांत (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) आणि खुंट्यांत. तेव्हा 'ए' आकाराचंच बघा. आणि पाठ सपाट किंवा किंचित फुगीर हवी. इटलीतल्या नेपल्सकडची जुनी घडण मागून गोल पोटाची असते, दिसायला फार देखणी, पण आई, तू मांडी घालून बसणार, ते मांडीवरून सारखं घसरेल.

दुकानदार कदाचित इलेक्ट्रिक दाखवतील. मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास तसंच वाजवायचे, नेहमीच्या दोन-दोन तारांच्या जोड्यांऐवजी पाच सुट्या तारांचं, आणि त्यावर त्यांनी अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं. बोटांना ते सोपं जातं हे खरं. पण त्याला अँप्लिफायर लागतो, आणि पावसाळ्यात वेंगुर्ल्याला वीज किती वेळ असते ते तुम्हाला मी सांगायला नको. साधंच घ्या.

आता लाकूड. जाणकार सांगतात की वरची फळी अखंड स्प्रूसच्या लाकडाची असावी, प्लाय नको, आणि आवाजाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. अखंड फळीचं वाद्य वाजवून वाजवून खुलतं. तरीही आपल्या घरासाठी माझं मत वेगळं आहे. अखंड लाकूड हवेतली ओल जास्त घेतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती घाम गाळतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. त्या हवेत वरची फळी फुगते, तिच्यावर उभी असलेली घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वर उचलली जाते आणि तारा पडद्यांपासून लांब जातात. प्लायमध्ये थर उलटसुलट चिकटवलेले असल्याने हा खेळ कमी होतो. शिवाय अखंड लाकडाचं चांगलं वाद्य, म्हणजे ईस्टमनसारख्या कंपनीचं, आपल्या हिशोबाच्या फार बाहेर जातं. पहिल्या वाद्याला प्लायची फळी चालेल. 'सॉलिड टॉप' एवढ्या एका शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

ते पैसे वाद्य नीट बसवून घेण्यात घाला, म्हणजे तारांची उंची, घोडीची जागा आणि वरच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा. नवशिक्याने मेंडोलिन सोडून द्यायचं पहिलं कारण बोटं दुखणं हे असतं, आणि बोटं दुखतात ती बहुतेक वेळा तारा उंच असल्यामुळे. मेंडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. दर वेळी दोन पोलादी तारा एकदम दाबायच्या. वर आठांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण. त्यात तारा उंच असतील तर तरण्या माणसाची बोटंसुद्धा सोलवटतात, आणि मग माणसाला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. आई, तुझ्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, म्हणून हा सगळा प्रपंच.

बाबा, आता तुमचं काम. ऑनलाइन नको. डोळे तपासायला तुम्ही गोव्याला जाणारच आहात, तर आईलाही बरोबर न्या आणि पणजीला फुर्ताडोच्या दुकानात जा. गिटार, व्हायोलिन, मेंडोलिन हा गोव्याच्या घराघरातला जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे तिथे विचारलेलं कळतं आणि दाखवतातही. दोन-तीन वाद्यं काढून घ्या, घाई करू नका.

आधी मान बघा. वाद्य डोळ्यासमोर आडवं धरा आणि आपण फळी सरळ आहे का ते एका टोकाकडून बघतो तसं मानेवरून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. पीळ पडलेला असेल तर ते तिथेच ठेवा, तो घरी निघत नाही. पुढे झुकलेली जराशी कमान असली तर हरकत नाही. मानेच्या आत लोखंडी सळई आहे ना, ते मात्र विचारा. ती असली की कमान कमी-जास्त करता येते. मग मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा. पडद्यांची टोकं टोचत असतील तर तीही खूण वाईट.

मग तारांची उंची. यासाठी तुमची दोघांची एटीएम कार्डं पुरतात. एक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर जाड असतं, म्हणजे दोन मिळून दीड मिलिमीटर. वरच्या टोकापासून बारावा पडदा मोजा (तिथे बहुतेक दोन ठिपके असतात). दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून त्यांचा कोपरा त्या पडद्यावर, तारेखाली सरकवा. जेमतेम शिरला तर उत्तम. जाड तारांखाली थोडी जास्त फट चालते. तिसरं कार्डही आरामात जात असेल तर तारा उंच आहेत. घोडीला दोन छोटी दातेरी चाकं असतात, ती फिरवून उंची कमी करता येते. दुकानातच करून मागा, आणि केल्यावर पुन्हा कार्डं घाला. पहिल्या पडद्याशीही तारा दाबून बघा. तिथे जोर लागत असेल तर वरच्या पट्टीतल्या खाचा उथळ आहेत. त्या कानशीने खोल कराव्या लागतात, ते काम कारागिराचं.

शेवटची परीक्षा आईच्या कानाची. प्रत्येक जोडी आधी मोकळी छेड, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेड. तोच सूर बरोबर वरच्या सप्तकातला यायला हवा. चढा किंवा उतरा वाटला तर घोडी जागेवर नाही. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या ताणाने उभी असते, त्यामुळे तीही मागेपुढे सरकवता येते. म्हणूनच पुढे कधी तारा बदलाल तेव्हा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी हातात येते.

पैशांचं म्हणाल तर आई पाच हजार म्हणाली, मी म्हणते दहा धरा. वाद्य सहा-सात हजारांपर्यंतचं बघा, आपल्याकडे बनलेलं असलं तरी चालेल. उरलेल्यात बसवणावळ, कडक कव्हराची केस, दोन-तीन जाडसर पिक (तारा छेडायची चकती) आणि तारांचा जादा संच. तारा 'लाइट' मागा, सर्वांत बारीक तार 0.010 इंचाची येते ती. बोटांना फरक पडतो. बारीक तारच जास्त तुटते, म्हणून तशा दोन सुट्या मिळाल्या तर घेऊन ठेवा. गिटारच्या तारा घेऊ नका. मेंडोलिनच्या तारेच्या टोकाला बहुधा फासा असतो, गिटारच्या तारेला गोळी, ती मेंडोलिनच्या खालच्या टोकाला तार अडकवायच्या आकड्यात बसत नाही. हे वरचे पाच हजार मी पाठवते, त्यावर चर्चा नको.

कुणाच्या घरचं जुनं मिळालं तर? बघायला हरकत नाही, पण घोडीखाली फळी दबलेली असली किंवा मान जिथे जोडली आहे तिथे फट दिसली तर फुकटही नको.

आई, आता तुझ्यासाठी. मेंडोलिनच्या चार जोड्या व्हायोलिनसारख्याच लावतात, आणि पेटीवाल्याला हे हिशोब लगेच कळतात: खालची पांढरी पाच (म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी), मग पांढरी दोन, पांढरी सहा आणि वरची पांढरी तीन. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम. तू पांढरी पाचमध्ये गातेस, म्हणजे सर्वांत जाड जोडी मोकळी छेडलीस की तुझा सा आणि तिच्या शेजारची मोकळी छेडलीस की प. मी इकडे वाजवताना हे लक्षात आलं आणि मला फार आनंद झाला. भूप बघ किती सरळ येतो. जाड जोडी मोकळी सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग. शेजारची जोडी मोकळी प, दुसऱ्या पडद्यावर ध, पाचव्यावर वरचा सा. सहा सूर, आणि त्यातले दोन न दाबताच. पहिला आठवडा एवढंच वाजव. एखादं पद 'सा'च्या खाली उतरत असेल तर त्याच पाचव्या पडद्याला सा धरून वरच्या सप्तकात घे, मग मंद्र प, ध, नि तिथेच खाली हाताशी आहेत.

लावायला मोबाइलवरचं ॲप आहेच, पण तू पेटीवर लाव. मंडळात पेटीबरोबरच वाजवायचंय, तेव्हा तिच्याशी जुळलेलं बरं. सप्तक मात्र नीट ओळख, एक सप्तक चढं लावायला गेलीस तर तार तुटेल.

एक गोष्ट सुरुवातीला जड जाईल. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. तारेचा सूर क्षणात विरतो. तो टिकवायला पिक वरखाली झरझर फिरवावी लागते, त्याला ट्रेमोलो म्हणतात. जुन्या हिंदी गाण्यांत जो थरथरता सूर तू रेडिओवर ऐकत आलीस, तो हाच. लक्ष्मीकांत–प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिन वाजवायचे, आणि संगीतकार सज्जाद हुसेन तर त्यावर राग वाजवत. मनगट सैल ठेव, खांद्यातून जोर लावू नकोस. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जाणं, फारशी येत नाही, जोडतारा ओढायला कठीण. अभंगाच्या सरळ चालींना ती लागतही नाही.

सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. बोटं दुखली तर सगळ्या तारा एका सुराने उतरव, ताण कमी होतो आणि तुझा सा पांढरी चारवर येतो. आणि एक. साखर तपासायला तू डाव्या हाताचं बोट टोचतेस. ती बोटं आता तारांवर असणार. यापुढे उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट घे, तेही कडेला टोच. डॉक्टरांच्या कानावरही घाल.

पावसाळ्याची काळजी बाबांकडे. वाद्य भिंतीला टांगू नका, विशेषतः पश्चिमेच्या. वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार खालूनवरून पुसायची. खाऱ्या हवेत घामाचं बोट लागलं की तार गंजते, आणि गंजलेली तार बोटही कापते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. केसच्या मखमलीला बुरशी आली तर रिकामी केस उन्हात ठेवा, वाद्य मात्र कधीच नाही. आणि पणजीहून येताना ते गाडीच्या डिकीत बंद करून जेवायला जाऊ नका. मे महिन्याच्या उन्हात आतला सरस सुटतो. आषाढात तारा पुन्हा उंच वाटल्या तर घाबरू नका. तारा थोड्या सैल करून ती दोन चाकं अर्धा-अर्धा फेरा खाली घ्या, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा वर.

मी माझंच मेंडोलिन दिलं असतं, पण मग आपण दोघींनी फोनवर एकत्र कसं वाजवायचं? शिवाय तुझं तू निवडलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. दोन सारखी वाटली तर ज्याचा आवाज तुला आवडला ते घे, रंग बघू नकोस.

दुकानात गेलात की मला फोन लावा, कामात असले तरी उचलेन. फोन वाद्याजवळ धरून चारही जोड्या मोकळ्या आणि बाराव्या पडद्यावर वाजवून ऐकवा. पाऊस लागायच्या आत घ्याल तर बरं, कोरड्या हवेत बसवून घेतलेलं असलं की पुढचा फरक कळतो. गणपतीत येईन तेव्हा तारांचे दोन संच घेऊन येते. बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं तेही त्याच दिवशी कळवा.

तुमची लेक