हात सुटला की चाल झाली

प्रिय मित्रा,

काय रे, ऑनलाइन बुद्धिबळात माउस घसरला आणि वजीर फुकट गेला तर ती चाल मोजायचीच कशाला म्हणतोस. चिडलायस ते कळतंय, पण मला नाही पटत. आणि हात लावलेली सोंगटी चालवायचीच हा नियम तू म्हणतोस तेवढा निर्दय नाहीये, कोपर लागून घोडा आडवा झाला तर आता घोडाच चालव असं कोणी म्हणत नाही, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमातच उघड उघड चुकून लागलेला हात सोडून दिलाय. सोंगटी नुसती नीट करायची तर आपली चाल असताना आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणायचं, बस. नाकामुरानं २०१६च्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, अरोनियनविरुद्ध आधी राजाला हात लावला आणि ते मग म्हणाला, आर्बिटरनी म्हणजे पंचांनी ऐकलं नाही, राजाच चालवावा लागला आणि डाव गेला.

खरी गंमत हात सुटण्यात आहे, सोंगटी ठेवून बोटं सुटली की चाल पक्की. १९९४ला स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत कास्पारोवनं घोडा सी५ या घरावर ठेवला, बोटं सुटली, चूक दिसली आणि उचलून एफ८वर नेला. समोर १७ वर्षांची जुडित पोल्गार, तिनं तिथल्या तिथं तक्रार केली नाही, डाव कास्पारोवनं जिंकला. नंतर व्हिडिओत दिसलं, बोटं साधारण पाव सेकंद सुटलेली! आता त्या पाव सेकंदात त्याच्या मनात काय होतं ते कोण सांगणार, पण बोटं सुटली की नाही हे कॅमेरा सांगतो.

तू म्हणशील समोरच्यानं मोठं मन दाखवावं. २००३च्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये अझमाइपाराश्विलीनं उंट ठेवून परत घेतला, मालाखोवनं चालवून घेतलं, आणि शेवटी टायटल कोणाला, अझमाइपाराश्विलीलाच, मालाखोव दुसरा. मालाखोवचं स्वतःचं नुकसान झालं ते झालं, पण त्या एका डावाच्या निकालावर बाकीच्यांचे नंबरही लटकलेले असतात रे, त्यांना कोणी विचारलं? घरच्या डावात दहा चाली परत घे, माझं काही म्हणणं नाही.

ऑनलाइन तर विषयच संपला. सर्व्हरला फक्त क्लिक दिसतं, बोट घसरलं की डोकं ते नाही दिसत, आणि परत घ्यायची सोय दिली तर वजीर गेल्यावर प्रत्येकाचा माउस घसरलेलाच असणार. तू ते मूव्ह कन्फर्मेशन, म्हणजे चाल पक्की करायच्या आधी परत विचारणारी सोय, ऑन कर, ब्लिट्झमध्ये म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात परवडणार नाही पण लांब डावात चालतं.

तरी माझं खोटं वाटत असेल तर आर्बिटरला कोणाच्या मनात शिरावं लागणार नाही असा एखादा नियम लिहून पाठव, मग भांडू.

तुझाच,
मी