लीग खेळणाऱ्याची नोंद सरकारदरबारी व्हावी: केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल लीगमध्ये पाच मोसम खेळलेला, पण राज्याच्या संघात कधीच वर्णी न लागलेला एखादा मिडफिल्डर केंद्र सरकारच्या नोकरीसाठी क्रीडा कोट्यातून अर्ज करायला गेला, तर त्याच्याकडे जोडायला एकही ग्राह्य कागद नसतो. कार्मिक विभागाच्या नियमानुसार देशाकडून किंवा राज्याकडून खेळलेला चालतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेला चालतो. राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याच्या शालेय संघातून उतरलेलाही चालतो. क्लबकडून लीग खेळलेल्याचा मात्र त्यात उल्लेखच नाही. शाळकरी वयातली एक स्पर्धा मोजली जाते आणि त्यानंतर पोटासाठी खेळलेली दहा वर्षं मोजली जात नाहीत. हे पत्र त्या दहा वर्षांबद्दल आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. तिथून मी मुंबईच्या लीगमध्ये गेलो, मग सेकंड डिव्हिजन आणि आय-लीगच्या क्लबांतून परराज्यांत खेळलो. जागा कायम मधली, बचावफळीच्या पुढची. आता पोरांना शिकवतो. त्यातले दोघं-तिघं येत्या काही वर्षांत याच वाटेने जातील अशी लक्षणं आहेत, आणि त्यांचे आईवडील मला विचारतात, "सर, यात पुढे काय?" त्यांना मी जे सांगू शकत नाही ते आपल्यापुढे मांडतो.

आधी आमच्या जागेबद्दल थोडं. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतो. आपला बचावपटू पुढे चढला की त्याची रिकामी जागा भरायची, हेडरनंतर खाली पडणारा दुसरा बॉल उचलायचा, प्रतिस्पर्ध्याचा पास जिथून जाणार तिथे आधीच जाऊन उभं राहायचं. उत्तम खेळलेल्या दिवशी आमच्या बाजूला काही घडतच नाही, कारण घडू दिलेलं नसतं. आता एजंट मागतो व्हिडिओ. स्ट्रायकरचे सहा गोल दीड मिनिटात दाखवता येतात. आमचं काम पाहायला पूर्ण सामना पाहावा लागतो, आणि खालच्या लीगमध्ये कित्येक सामन्यांचं धड चित्रीकरणही नसतं. त्यामुळे आमचा करार बहुतेक वेळा आम्हाला ओळखणाऱ्या एका कोचच्या शब्दावर होतो. मोसमाच्या मध्यात कोच बदलला की तो शब्दही त्याच्याबरोबर जातो. नवा कोच आपली माणसं आणतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं, म्हणून त्याला मी दोष देत नाही. पण इतक्या कच्च्या पायावर उभ्या असलेल्या माणसाला कायद्याचा तरी आधार हवा, एवढं माझं म्हणणं आहे.

तो आधार पूर्वी वेगळ्या रूपात होता. मुंबईत एअर इंडिया, आरसीएफ, बँक ऑफ इंडिया, मध्य आणि पश्चिम रेल्वे यांचे संघ होते. खेळाडूला तिथे नोकरी मिळायची, खेळणं संपलं की तो टेबलावर बसायचा आणि निवृत्तीपर्यंत पगार चालू राहायचा. मग फुटबॉल व्यावसायिक झाला. २००७ मध्ये आय-लीग आली, आशियाई फुटबॉल महासंघाचे क्लबच्या परवान्याचे निकष आले, आणि त्या निकषांत न बसल्यामुळे २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना लीगबाहेर काढलं गेलं. व्यावसायिक होण्याला माझा विरोध नाही. मैदानं सुधारली, फिजिओ आले, आहाराकडे कुणी तरी पाहू लागलं. पण नोकरी गेली आणि तिच्या जागी जो करार आला, त्याला नोकरीचं एकही संरक्षण जोडलं गेलं नाही.

करार ज्या क्लबांशी करायचा त्यांची अवस्था एकट्या महाराष्ट्रात पाहा. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०११ मध्ये बंद झाला. भारत एफसी पुण्यात एकच मोसम आय-लीग खेळून थांबला. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, मुंबई एफसी गेला. २०१४ पासून आयएसएल या वरच्या लीगमध्ये असलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. प्रत्येक क्लब बंद होताना दोन-चार नावाजलेले खेळाडू लगेच दुसरीकडे उचलले जातात. बाकीचे वीस-बावीस जण बॅग भरून घरी येतात आणि फोनची वाट पाहतात.

आता करार कसा असतो ते सांगतो. तो बहुतेकदा मोसमापुरता, सात-आठ महिन्यांचा. वर्षाचे उरलेले महिने आपापले. पगारातून १० टक्के टीडीएस कापला जातो, कारण आयकराच्या दृष्टीने खेळाडू हा डॉक्टर-वकिलांसारखा स्वतंत्र व्यावसायिक. पण हा 'स्वतंत्र' व्यावसायिक सकाळी किती वाजता उठणार, काय खाणार, कुठे राहणार, दुसऱ्या कुणासाठी खेळणार की नाही, हे सगळं क्लब ठरवतो. माझ्या मते ही सरळसरळ नोकरी आहे. भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा, ग्रॅच्युइटी यांचा विषय निघाला की मात्र ती नोकरी राहत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांनी दिला. फुटबॉलपटूइतका ठरावीक मुदतीचा कर्मचारी दुसरा कोण दाखवाल? तो या व्याख्येत येतो की नाही, हे कामगार मंत्रालयाकडून स्पष्ट करून घ्या, ही माझी पहिली विनंती.

थकलेल्या पगाराचा प्रश्न याहून बिकट आहे. मी खेळलेल्या एका क्लबात जानेवारीपासून पगार येईना. एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण राहायचो. दर सोमवारी मॅनेजर यायचा, दारातच उभा राहून "या आठवड्यात नक्की" म्हणायचा आणि चहा न घेता निघून जायचा. एकाच्या घराचा हप्ता थकला होता, एकाच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. रोज सकाळी आम्ही सरावाला जात होतो आणि शनिवारी सामना खेळत होतो. मोसम संपल्यावर ऑफिसात एकेकाला बोलावलं आणि समोर कागद ठेवला: सर्व रक्कम मिळाली असं लिहून द्या, निम्मे पैसे आणि रिलीज लेटर आजच घेऊन जा. नाही म्हटलं तर लेटर अडकणार आणि नव्या क्लबचा ट्रायल हुकणार. सहाही जणांनी सही केली.

आपल्याला कुणी सांगेल की फिफाचे नियम आहेत, आणि ते खरंच आहेत. दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं आणि तरीही पैसे आले नाहीत तर रास्त कारणाने करार मोडायचा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडूंच्या तक्रारींसाठी समिती आहे. पण तक्रार करणारा 'केस करणारा' म्हणून ओळखला जातो आणि खालच्या लीगमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. पंधरा दिवसांत नव्या क्लबकडे नोंदणी करण्याची मुदत संपते. वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा आणखी वेगळा प्रश्न. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

म्हणून तक्रारीची वाट सोपी करण्यापेक्षा तक्रारीची वेळच येऊ नये असं काही करा. मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक क्लबने आपल्या खेळाडूंच्या किमान तीन महिन्यांच्या पगाराची बँक हमी महासंघाकडे ठेवावी आणि त्याशिवाय परवाना मिळू नये. कामगारांची देणी चुकती असणं हा निकष परवान्याच्या नियमांत आजही आहे, पण निकष न पाळणाऱ्यांना अपवाद म्हणून सूट मिळत राहते. बँक हमीला सूट देता येत नाही. ती एक तर जमा असते किंवा नसते. यामुळे काही क्लब मैदानातच उतरणार नाहीत, हे मला दिसतं. उतरून फेब्रुवारीत हात वर करणाऱ्या क्लबपेक्षा ते बरं.

दुखापतीचंही तसंच. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर ऑपरेशननंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात. करार सात-आठ महिन्यांचा. म्हणजे बरा होईपर्यंत तो कुणाचाच खेळाडू राहत नाही. देशासाठी खेळताना दुखापत झाली तर फिफा क्लबला भरपाई देते, पण आमच्या पातळीवर ती सोय पोचत नाही. आपल्या मंत्रालयाचा पंडित दीनदयाळ उपाध्याय कल्याण निधी हलाखीत असलेल्या नामवंत खेळाडूंसाठी आहे, तो असावाच. पण सव्विसाव्या वर्षी गुडघा फुटलेल्या अनोळखी मिडफिल्डरला मदत नको असते, विमा हवा असतो. उपचार संपेपर्यंतचा विमा, करार संपेपर्यंतचा नव्हे.

महोदय, २०२५-२६ च्या मोसमाचं काय झालं ते आपण जवळून पाहिलं आहे. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, नूतनीकरण झालं नाही, आयएसएल लांबली आणि मोठ्या क्लबांनीही पगार रोखले. जानेवारीत सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन अशा खेळाडूंनी जाहीर साद घातली. आपल्या मंत्रालयाने लक्ष घातलं आणि लीग सुरू होण्याची घोषणा झाली. याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण छेत्रीचा आवाज देशभर जातो. आय-लीग, आय-लीग २ आणि आय-लीग ३ मधल्या पोरांचा जात नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी त्या महिन्यांत खेपचे, म्हणजे गावोगावच्या बक्षिसांच्या स्पर्धांचे सामने खेळून घर चालवलं. खडबडीत मैदानावर, विम्याशिवाय.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ मध्ये झाला आणि त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. एका साध्या खेळाडूचा थकीत पगाराचा दावा त्या न्यायाधिकरणापुढे येऊ शकतो की तो महासंघाच्या समितीतच फिरत राहणार, हे नियमांत साध्या भाषेत लिहिलं जावं. आणि दावा करायला वकील लागू नये.

आता सुरुवातीच्या क्रीडा कोट्याकडे येतो, कारण सगळ्यांत कमी खर्चाची आणि सगळ्यांत लवकर होण्यासारखी गोष्ट तीच आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंगालने हैदराबादमध्ये संतोष करंडक ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि तिथल्या सरकारने त्या खेळाडूंना पोलीस दलात नेमणुका दिल्या. चांगलं केलं. मात्र याच कारणाने आज संतोष करंडकाच्या निवड चाचणीला देशभरातली पोरं जिवाच्या आकांताने उतरतात: तो कागद मिळाला तर नोकरीचं दार उघडतं. राज्याच्या संघात जागा वीस-बावीस. निवडीच्या आठवड्यात ताप आला, क्लबने सोडलं नाही किंवा निवड समितीला दुसरा कुणी आवडला, की ते दार बंद. वर्षभर लीगमध्ये नव्वद-नव्वद मिनिटं खेळलेल्याचा विचार कुठेच नाही.

ही नव्वद मिनिटं मोजणं अवघड नाही. प्रत्येक व्यावसायिक खेळाडूची नोंदणी महासंघाच्या संगणकीय प्रणालीत असते, प्रत्येक सामन्याचं अधिकृत पत्रक असतं, कोण किती मिनिटं खेळला ते त्यात लिहिलेलं असतं. देशातल्या पहिल्या दोन लीगमध्ये ठरावीक सामने खेळलेल्या खेळाडूला महासंघाने प्रमाणपत्र द्यावं, आणि कार्मिक विभागाने पात्रतेच्या यादीत त्यासाठी एक ओळ वाढवावी. किती सामने, ते आपण जाणकारांना विचारून ठरवा. माझं मत विचाराल तर पन्नास. यादी कार्मिक विभागाची असली तरी शिफारस आपल्याच मंत्रालयाकडून जायला हवी. ती गेली तर राज्यांनाही, महाराष्ट्राच्या पाच टक्के आरक्षणासह, तसाच बदल करायला आधार मिळेल.

प्रशिक्षक व्हायचं म्हटलं तर डी परवान्यापासून वर चढत जावं लागतं आणि प्रत्येक पायरीला फी असते. लीग खेळून निवृत्त झालेल्यांना पहिल्या दोन अभ्यासक्रमांची फी माफ केली, तर जिल्ह्याजिल्ह्यात शिकवायला माणसं मिळतील. हा खर्च साईला, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाला, जड जाणार नाही.

या सगळ्यात बँक हमी आणि क्रीडा कोट्यातली ती एक ओळ, एवढं पुढच्या मोसमाची खेळाडूनोंदणी सुरू होण्याआधी करता येण्यासारखं आहे. चर्चेला लीगमधले आजी-माजी खेळाडू बोलवा. खेळाडूंची संघटना आहे, पण वरच्या लीगबरोबर खालच्या लीगमधलेही निम्मे असू द्या, आणि त्यांची नावं क्लबांना कळवू नका. मला बोलावलंत तर स्वखर्चाने दिल्लीला येईन, करारांच्या प्रती घेऊन.

आपला विश्वासू,
एक माजी मिडफिल्डर,
कोल्हापूर