धुराक वाटच नाय

प्रिय बाबल्या,

तुझ्या शेवटच्या मेसेजला पाच महिने झाले आणि मी त्यावर नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो, तेव्हा काय शिव्या द्यायच्या त्या आधी देऊन घे. फोन करणार होतो, पण तू हसला असतास, मग मी चिडलो असतो आणि मूळ गोष्ट राहूनच गेली असती. माझी तब्येत बरी, शुगर आहे तिथंच, गुडघा पावसात कुरकुरतो.

गोष्ट आईची आहे. आता बरी आहे, घाबरू नको. आषाढात एका संध्याकाळी असला पाऊस लागला होता की खळ्यातला माडसुद्धा दिसेना. आई आत चुलीवर पेज ठेवून बसलेली, सगळ्या खिडक्या घट्ट, दार ओढलेलं. मी पडवीत मोबाइल बघत. आतून भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून गेलो तर आई भिंतीला टेकून बसलेली, म्हणते डोक्यात घण पडतायत, मळमळतंय. गंमत म्हणजे खोलीत फार धूरही नव्हता, निखारे छान लाल. उचलून बाहेर आणली, दवाखान्यात नेली, तिथं ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलीत निखाऱ्यांतून सुटणारा विषारी वायू. धूर निदान डोळ्यांत जातो म्हणून माणूस उठून बाहेर येतो, ह्याला रंग नाही की वास नाही. परत येताना रिक्षात आई मलाच म्हणते, “माका कायएक जावक नाय. तुझ्या ह्या घरात धुराक वाटच नाय, तो जातलो खयं?”

तेव्हा मला तू आठवलास. तुझा तो लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेला धुराड्याचा नकाशाही आठवला आणि त्यावरून आपण खळ्यात, सगळ्यांसमोर, जे भांडलो तेही. “स्लॅब टाकतोयस तर धुराडं आधी ठरव,” असं तू म्हणालास आणि मी म्हणालो की कॅनडात जाऊन आम्हाला चुली शिकवू नको. ती पत्रिका मी त्याच संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत घातली. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

जुन्या घरात धुराडं होतं कुठे? धूर कौलांच्या फटींतून आपला आपण जायचा, माळ्यावरची भिरंडाची सोलं वाळवून जायचा, वासे काळे झाले तरी वाळवी लागली नाही. मी काय केलं, तर त्या फटी सगळ्या बुजवल्या. वर स्लॅब, स्लायडिंगच्या खिडक्या, आणि भिंतीत हा मोठा एग्झॉस्ट फॅन. आईला चूल हवीच म्हणून एक सहा इंची पत्र्याचा पाइप, दोन बेंड मारून स्लॅबच्या वर जेमतेम दीड फूट काढलेला. मिस्त्री म्हणाला पुरे, मी म्हटलं पुरे.

दवाखान्यातून आल्यावर मी चार दिवस त्या चुलीपुढे बसून होतो. आईला बाहेर मांगराच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून दिली आणि आत एकटाच. बायको म्हणाली डोकं फिरलंय. तिसऱ्या रात्री न पेटवलेल्या चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर वर जाण्याऐवजी सरळ माझ्या तोंडावर. खिडकी बोटभर उघडली तर उदबत्तीचा धूर थबकला, थरथरला. आणि वर तो एग्झॉस्ट फॅन घरघरतोय. तो बंद केला आणि बाबल्या, तुला शप्पथ सांगतो, धुराची ती बारीक दोरी वळली आणि हळूच पाइपात शिरली. फॅन चालू, परत बाहेर. फॅन बंद, आत. पाच-सहा वेळा केलं, लहान पोरासारखं. म्हणजे धूर जावा म्हणून लावलेला फॅनच घरातली हवा बाहेर ओढत होता, आणि बाकी सगळं बंद असल्यामुळे तेवढी हवा यायला एकच भोक उरलं होतं, धुराड्याचं. आईला त्रास होतो म्हणून मीच तिला सांगायचो, फॅन लावत जा गे.

हे अर्धंच. पावसाळ्याआधी कसं होतं बघ. सकाळी चूल शहाण्यासारखी पेटायची, दुपारच्या चहाला मात्र धूर उलटायचा. मी म्हणायचो आई दुपारी ओली फाटी घालते. आई म्हणायची, “फाटी तीच आसत.” मग वर चढून बघितलं. जिन्याची खोली पश्चिमेला, तिच्यावर पाण्याची टाकी, आणि पाइप तिच्या पूर्वेला चार फुटांवर, खाली, सुनेसारखा दबून. सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, तेव्हा त्याच्या वाटेत काही नाही. दुपारी खारा वारा सुटला की तो जिन्याच्या खोलीवरून उडी मारतो आणि पलीकडे थेट पाइपाच्या तोंडात पडतो. आणि पावसाळ्यात तर दिवसभर पश्चिमेचाच वारा, मग सकाळ काय आणि दुपार काय. तुझ्या नकाशावर लिहिलेलं होतं, छपरापासून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा 2 फूट वर. मला तो आकडा पाठ होता रे, भांडण झालं की आकडे पाठ होतात.

पाइप उतरवला तेव्हा दोन्ही बेंडांत साळुंकीचं घरटं आणि अर्धी बादली काजळी. काजळी म्हणजे भुकटी नव्हे, डांबरासारखी चकचकीत, नखानं निघेना. ती पेटली तर पाइप विमानासारखा घुमतो असं तूच सांगितलं होतंस ना, तुझ्या शेजाऱ्याच्या घरातलं? ती आली कुठून तर माझ्याच फाट्यांतून. यंदा लाकडांच्या थप्पीला मी चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली, भेटवस्तूसारखी. आत ओल तशीच. चुलीत घातलं की टोकाला फेस येतो आणि सूं सूं करतं. आई दोन लाकडं एकमेकांवर आपटून आवाज ऐकते, टण् वाजलं तर घेते, नाहीतर मला परत देते. आता वरून तेवढं झाकलंय, बाजू मोकळ्या, खाली चिरे. शिवाय पेटवायला म्हणून मी काजूची टरफलं आणून दिली होती, फुकट मिळाली म्हणून. त्यांचं तेल जळतं तो धूर म्हणजे मिरचीची धुरी, आणि पाइपाला चिकटतो तो वेगळाच. आई तेव्हाही काही बोलली नव्हती. पदर तोंडाला लावून बसायची.

हेच मला झोपू देत नाही. सहा वर्षं ती त्या स्वयंपाकघरात पदर लावून बसली आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, आईसाठी खास चूल ठेवलीय बरं का.

आता टाकी हलवली. पाइप सरळ, एकही बेंड नाही, जिन्याच्या भिंतीला क्लँप मारून तिच्यावर 2 फूट काढलाय. एवढा उंच पाइप बाहेर गार पडतो आणि धूर मधेच थिजतो, म्हणून त्याच्यावर दुसरा मोठा पाइप घालून मधे रॉकवूल भरलंय. खाली काजळी काढायला झाकण. चुलीमागच्या भिंतीत बाहेरची हवा यायला कायमचं भोक, त्याला उंदरांसाठी जाळी. फॅनची वायरच कापली. पहिल्यांदा पेटवायच्या आधी पेपरचा बोळा पाइपाच्या तोंडाशी जाळला, आतली गार हवा हलावी म्हणून, आणि चूल अशी खेचायला लागली की ज्वाळा आडव्या झाल्या. बायको म्हणाली, आता हा सगळा जिल्हा फिरून धुराडी बांधणार.

पण आई आत येईना. मांगराच्या पडवीतच बसते, झडीत भिजते. “हय बरा वाटता,” म्हणते. मी रोज आत चूल पेटवून ठेवतो, ती येऊन बघते, उदबत्ती धरल्यासारखा हात धरते आणि जाते. काल मात्र आतल्या निखाऱ्यांवर एक बांगडा ठेवून गेली. भाजून झाला तरी घ्यायला आली नाही, मीच नेऊन दिला.

तुझं ऑफिस बंद होणार होतं त्याचं काय झालं? वहिनींचा हात बरा आहे ना, प्लास्टर निघालं? पोरगा मराठी बोलतो का अजून? सविस्तर लिही, मी वाचतो, फक्त उत्तर देत नाही.

आणि ऐक, गणपतीला येताना चॉकलेटं आणू नको. तुमच्या फायरप्लेसच्या खोलीत भिंतीला तो पांढरा डबा आहे ना, कार्बन मोनॉक्साइडचा, बोंबलणारा, तसला एक आण. सेलसकट. आईला सांगणार आहे की बाबल्यानं पाठवलाय, माझं नाव नको.

तुझा,
दाजी