ती टाच इलियडमध्ये नाही

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला ग्रीक महावीरांवरचा लेख वाचला. चित्रे छान. पण होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याच्या शेवटी त्याचा नायक अकिलीस टाचेत बाण लागून मरतो, हे कुठून आणले? इलियड ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपते. अकिलीस तेव्हा जिवंत असतो, चांगला धडधाकट.

आईने टाच धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याने, टाच सोडून अभेद्य झालेला अकिलीस भेटतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशिअस या लॅटिन कवीकडे, म्हणजे होमरनंतर सुमारे ८०० वर्षांनी. इलियडच्या २१व्या सर्गात दोन्ही हात सारखेच चालणारा, ट्रॉयच्या बाजूचा योद्धा अ‍ॅस्टेरोपायस एकाच वेळी दोन भाले फेकतो. एक ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त उसळते. अभेद्य माणसाला रक्त येते होय? आणि मग १८व्या सर्गात लोहारदेव हेफेस्टस त्याच्यासाठी रात्रभर खपून चिलखत घडवतो ते कशाला, शोभेला? दंतकथेत अकिलीसला मारणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, त्याचा बाण पायात लागतो खरा, पण ११व्या सर्गात, डायोमिडीज या दुसऱ्याच ग्रीक वीराच्या. तळपायातून आरपार जाऊन जमिनीत रुततो. डायोमिडीज पॅरिसला शिव्या घालतो आणि बाण उपसून काढतो.

टाचेमुळे बिघडते ते असे. हेक्टरला मारलेस की लगेच तुझा नंबर, हे अकिलीसची आई थेटिस त्याला स्वच्छ सांगते. तरी तो जातो. त्याचा स्वभाव इथे आहे, घोट्याखाली नाही. (लेखकाने शेजारी दुर्योधनाची मांडी आणून ठेवली आहे. गांधारीच्या नजरेची ती गोष्टही व्यासांची नव्हे.)

चौकटीत तर प्रत्येक वीराला एकेक गुण वाटून दिला आहे, रेशनवर साखर वाटावी तसा. ग्रीक वीर एजॅक्सच्या वाट्याला 'बलवान पण मंद'. ९व्या सर्गात रुसून लढाई सोडून बसलेल्या अकिलीसची समजूत काढायला तिघे ग्रीक जातात. ओडिसियस ८०हून अधिक ओळी बोलतो. उत्तर मिळते, उद्या सकाळी निघालो. म्हातारा फीनिक्स दीडशेच्या वर ओळी घेतो. त्याला उत्तर, जायचे की राहायचे ते सकाळी बघू. एजॅक्स जेमतेम २० ओळी बोलतो, त्याही अर्ध्या ओडिसियसकडे तोंड करून : चल, याला मित्रांची माया नाही. त्यानंतर अकिलीस जाण्याची भाषाच सोडतो. हेक्टर माझ्या जहाजांपर्यंत आला की लढेन, म्हणतो. मंद माणसाला हे बरे जमले!

जाता जाता : एकाच पानावर अकिलीस, अ‍ॅचिलीस आणि एकिलिस असे तिघे लढताना दिसले. मूळ ग्रीक नावात 'ख' आहे, अखिलेउस. आपल्या बाराखडीत ख आहे, तरी नाव इंग्रजीकडून उसने घ्यायचे. ते एक वेळ चालेल, पण निदान पानभर एकच ठेवा.

आपला,
एक वाचक