काका, त्या पेन्सिलच्या दोन रेघांसाठी

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि फोन काकूंच्या हातात देता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. हरणांच्या शिकारीचा सीझन संपून तीन आठवडे झाले तरी ती पहाट आठवली की गळा दाटून येतो, आणि ते हरणामुळे नाही, तुमच्यामुळे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते, मॅडिसनच्या पश्चिमेला, हिमयुगातल्या हिमनद्या जिथे पोचल्याच नाहीत म्हणून डोंगर-दऱ्या शाबूत राहिल्या त्या भागात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांना संरक्षण दिलं आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. इथे मात्र पांढऱ्या शेपटीची हरणं शेतात, रस्त्यावर, सगळीकडे आहेत, त्यामुळे राज्यच लायसन देतं, १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी कोर्स करायला लावतं आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा सीझन असतो. मी कोर्स केला, निशाणा शिकले, पण बसायला धड जागाच मिळत नव्हती.

पहिल्या वर्षी ज्या ग्रुपने मला सोबत नेलं त्यांचा लाकडी ब्लाइंड, म्हणजे हरणांना दिसू नये म्हणून लपून बसायचा आडोसा, होता, खिडक्या सहा फुटी माणसांच्या मापाच्या. मी पाच फूट एक इंच. म्हटलं बसून काही दिसत नाही, तर म्हणाले उशी घे. उशी घेतली की पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि पाय लटकत असताना हातात भरलेली बंदूक धरायची हे मला कुणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही. मी खाली उतरून गाडीत जाऊन बसले, दिवसभर कुणी विचारायलाही आलं नाही. दुसऱ्या वर्षी दुकानातून घडीचा तंबू आणला, नोव्हेंबरच्या वाऱ्यात त्याच्या काड्या मोडल्या आणि दुकानदाराने मला वॉरंटीचा कागद वाचून दाखवला. गणपतीच्या जेवणात आपल्याच दोघा-तिघांनी "बाईमाणसाला नसते उद्योग हवेत कशाला" म्हटलं तेही मी विसरलेले नाही.

तेव्हा तुम्ही काहीच बोलला नव्हता. पुढच्या रविवारी मात्र पिकअप घेऊन दारात हजर, मागे सोळा फुटी कॅटल पॅनल (गुरांच्या कुंपणाची लोखंडी जाळी), गोणपाटाचा गुंडाळा आणि कुणाच्या तरी गोठ्यातलं जुनं प्लायवूड. मी मदत मागितलीसुद्धा नव्हती. पॅनल वाकवून कमान केलीत, वर गोणपाट, आतून काळा रंग, समोर प्लायवूडची भिंत. ओकच्या फांद्या बांधायला लावल्यात कारण त्यांची वाळलेली पानं थंडीतही गळत नाहीत, आणि आतला पाचोळा मातीपर्यंत साफ करायला लावलात, पायाखाली करकर नको म्हणून. तुमच्या लहानपणीच्या कोल्हापूरकडच्या शेतातला माळा आणि गोफण यांच्या गोष्टी मध्येमध्ये चालू होत्याच. म्हणालात, "माळ्यावर पाखरांना माणूस दिसायला पाहिजे, हे लपण आहे, इथं दिसायला नको." दोन वर्षं मी ब्लाइंड ब्लाइंड करत होते, आपल्या भाषेत इतका नेमका शब्द आहे हे तुमच्यामुळे आठवलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. खिडकी कापायची वेळ आली तेव्हा करवत तुमच्या हातात होती, तुम्ही ती खाली ठेवलीत आणि म्हणालात, "तू बस. तुझ्या खुर्चीवर. थंडीचं जाकीट घालून बस, नेहमी बसतेस तशी." कानामागची पेन्सिल काढलीत, माझ्या डोळ्यांच्या रेषेत प्लायवूडवर एक रेघ मारलीत. मग रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगून नळीच्या खाली दुसरी रेघ, कारण दुर्बीण नळीच्या वर असते, खिडकी उंच कापली तर दुर्बिणीतून सगळं मोकळं दिसतं आणि गोळी चौकटीतच घुसते. "पाय टेकलेत ना?" हे तीनदा विचारलंत. मग त्या रेघांवरून करवत चालवलीत.

काका, त्या क्षणी मी पाचोळा गोळा करायच्या निमित्ताने बाहेर गेले कारण मला रडू येत होतं. या देशात आल्यापासून ऑफिसच्या खुर्चीपासून कारच्या सीटबेल्टपर्यंत प्रत्येक वस्तूशी मीच जुळवून घेत आलेय आणि माझ्या मापाने काहीतरी कापावं असं कुणाला वाटलं नव्हतं. समोरच्याला एकदा बसवून बघणं, त्याला दिसतंय का हे विचारणं, यात पैसा लागत नाही, ताकद लागत नाही. तरी किती कमी लोक ते करतात. तुम्ही केलंत आणि वर त्याचं काही वाटूही दिलं नाहीत.

शनिवारी पहाटे मी अंगात नारिंगी जाकीट, पाय घट्ट जमिनीवर अशी तुमच्या लपणात बसले होते. हरणांना तो नारिंगी रंग नीट कळत नाही, हालचाल मात्र लगेच कळते, आणि मला हलायची गरजच पडली नाही. सव्वासातच्या सुमाराला मादी ओकांमधून बाहेर आली, ऐंशी पावलांवर आडवी उभी राहिली. एकच गोळी. ती पडली तिथे जाऊन मी बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून बसले, आणि मग पहिला फोन तुम्हाला केला.

तिचं डोकं सीडब्ल्यूडीच्या, म्हणजे हरणांना होणाऱ्या मेंदूच्या जीवघेण्या आजाराच्या टेस्टला दिलं होतं, रिपोर्ट काल आला, आजार नाही. त्याआधी एक तुकडाही शिजवला नाही, तुम्ही बजावलं होतंत. आता या रविवारी खिमा आणि मांडीचा तुकडा घेऊन येतेय, मसाला मी घरूनच वाटून आणते, काकूंना म्हणावं फक्त भाकरी थापा. आणि वरची रेघ करवतीत गेली असली तरी तिचं टोक खिडकीच्या डाव्या बाजूला अजून दिसतं. त्यावर रंग मारायचा नाही, मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुमची,
लपणवाली